पट्टा धरणारा माणूस

आमच्या घरात मोठ्याने बोलते ती मी. लग्नाआधी माझा आवाज शेजारच्या खोलीतही जात नव्हता. पण आमचे हे फौजेतून परत आले ते डावा कान पूर्ण गेलेला आणि उजवा अर्धा घेऊन. तेव्हापासून मला त्यांच्या उजव्या बाजूला उभं राहून ओरडावं लागतं. सुरुवातीला शेजारची जाऊबाई कुंपणावरून विचारायची, "काय गो फौजीण, आज कोणावर फायर करतेस?" मी घरात पळायची. जेवायला या, एवढं सांगितलं तरी सगळ्या वाडीला कळायचं.

त्यांचे कान मशीनगनने नेले. फौजेविषयी ते फार बोलत नाहीत, पण गनविषयी बोलतात. ती एकट्याची नसते, दोघांची असते, असं सांगतात. एक जण पोटावर पडून चालवतो, तो नंबर वन. त्याच्या डाव्या हाताला खेटून दुसरा पडलेला असतो, तो नंबर टू. गोळ्यांचा पट्टा डावीकडून आत जातो. तो पट्टा नंबर टूने दोन्ही हातांवर सरळ धरायचा, पीळ पडू द्यायचा नाही. पीळ पडला की गन अडते. घोडा दाबून धरायचा नसतो, थोडं थोडं सोडायचं, नाहीतर नळी लाल होते. नळी तापली की बदलायची, तेही नंबर टूचंच काम. एकदा घाईत नळी यांच्या मनगटाला लागली होती, तिथे अजून केस उगवत नाहीत. गन चालू असताना शेजारचा माणूस कानात ओरडला तरी ऐकू येत नाही म्हणतात. त्यामुळे दोघांचं बोलणं हातानेच. पाठीवर थाप मारायची, खांदा दाबायचा.

यांचा नंबर टू पोलादपूरच्या वरचा, कुडपणचा मुलगा होता. यांच्याच वयाचा. सुट्टीवर दोघं बरोबर यायचे. महाडला उतरून आधी आमच्याकडे, वरंधच्या खाली, चहा प्यायचा आणि मग तो त्याच्या डोंगरावर जायचा. मला वहिनी म्हणायचा. सीमेवरच्या एका चौकीवर, गनवर असतानाच तो गेला. पेटी घेऊन आलेल्यांनी त्याच्या आईला सांगितलं, जागच्या जागी गेला, काही कळलं नाही त्याला.

आमच्याकडे पितृपंधरवड्यात गेलेल्या माणसाच्या नावाने त्याच्या वयाचा माणूस जेवायला बसवतात. त्याला त्या दिवशी पितर म्हणतात. त्याला आंघोळ करून पाटावर बसायचं असतं, मागेल ते वाढायचं आणि वाढलेलं त्याने नको म्हणायचं नाही. पितर अर्धपोटी उठला तर मेलेला अर्धपोटी राहिला, असं मानतात. कुडपणला त्या मुलाच्या आईने त्याच्या नावाने आमच्या यांना बसवायला सुरुवात केली. दर वर्षी वरून येणाऱ्या जीपवाल्याकडे निरोप यायचा. मीही जायची, कारण लोक काय बोलतात ते यांना सांगायला कोणीतरी हवं.

गेल्या वर्षी वर धुकं इतकं होतं की घराचं दार जवळ गेल्यावर दिसलं. ओटीवर भावकीची माणसं बसली होती. हे पाटावर बसले, मी त्यांच्या उजव्या बाजूला भिंतीशी. पानावर वडे, खीर, काळ्या वाटाण्याची आमटी, भोपळा. आई वाढत होत्या. एक म्हातारे काका हसून म्हणाले, "वाढ, वाढ. फौजी गडी हाय, दगड खाईल." हे ऐकू न येताच हसले. समोरचा हसला की हे हसतात.

दुसऱ्यांदा वडे वाढताना आई यांच्यासमोर खाली बसल्या. अगदी हळू म्हणाल्या, "बाला, शेवटाला त्याने कोणाला हाक मारली का रे? माझं नाव घेतलान का?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतात?"

आई मला म्हणाल्या, "सांग गो त्याला."

पितराच्या जेवणात कोणी आवाज चढवत नाही. त्यातून तो प्रश्न. कानाशी तोंड नेलं आणि बेताने म्हटलं, तर यांनी डोकं हलवलं, नाही कळलं. ओटीवरचं बोलणं थांबलं होतं. मग मी ओरडले, "शेवटाला त्यांनी आईला हाक मारली का, विचारतात!"

यांनी हातातला घास पानावर ठेवला. बहिरा माणूस बोलतो तेव्हा त्याला आपल्या आवाजाचा अंदाज नसतो. ते मोठ्यानेच बोलले, परेडवर बोलावं तसं.

"मला ऐकू नाय आला, आई. मी फायर करत होतो. पट्टा तिरका आला, गन अडली. मी शिवी घातली त्याला, नीट धर म्हटलं. मग बाजूला बघितलं. हात पट्ट्याखालीच होते त्याचे. कधी लागली त्याला, मला ठाऊक नाय."

हे मलाही तोवर ठाऊक नव्हतं.

"जागच्या जागी गेला, म्हणाले होते," आई म्हणाल्या. मी ते ओरडून सांगितलं.

"तसंच सांगतात, आई. सगळ्यांच्या घरी तसंच सांगतात."

आई पानाकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे मारली असंल हाक." त्या कोणालाच विचारत नव्हत्या. यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि मला तेही सांगावं लागलं. त्या घरात माझा आवाज घुमला. माझाच मला तो ओळखू आला नाही.

यांनी पानावर हात आडवा धरला. आई म्हणाल्या, "हात काढ. पितर हायस तू." आणि वाढत राहिल्या. भात, आमटी, परत खीर. ओटीवरचे काका म्हणाले, "पुरे कर गो आता," तरी त्या थांबल्या नाहीत. हे खात राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं तरी खात राहिले. निघाल्यावर जीपपर्यंत पोचायच्या आत, रस्त्याच्या कडेला त्यांनी सगळं ओकून टाकलं. मी पाठ धरून उभी होते.

त्याआधी, दारात मी पाया पडले तेव्हा आई मला म्हणाल्या होत्या, "पुढच्या वर्षी दुसरा कोणतरी बसवीन. तुझा नवरा माझ्या पोराच्या बाजूला असून त्याला कळला नाय. त्याला आता पाटावर बघवणार नाय मला." रागावून नाही म्हणाल्या. माझ्या डोक्यावर हात ठेवूनच म्हणाल्या.

यांनी जीपमध्ये विचारलं, "निघताना काय म्हणाल्या?" आजूबाजूला माणसं चिकटून बसली होती. मी सांगितलं, सगळ्यांना ऐकू गेलं. कोणी आमच्याकडे बघितलं नाही. हे बाहेर धुक्यात बघत म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं." आणि थोड्या वेळाने, "मग त्याच्या जागेवर आता कोण बसणार?"

यंदा निरोप आला नाही. तिथीच्या दिवशी यांनी सकाळीच आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि अंगणात बसून राहिले. दुपारी उशिरा आत बोलावून पान वाढलं. हात धुऊन आले, पाटावर बसले, पानाकडे पाहिलं, "तिकडे कोण बसला असंल?" म्हणाले आणि उठून परत बाहेर गेले.