जोड्या लावणारे मामा

“तुला किती दिवस लागतील ते नको सांगू. तुझ्या जागी दुसरं कोणी बसलं तर किती जास्त लागतील, ते सांग.” मामा हे तमिळमध्ये विचारायचे. समोरचा विणकर गडबडला की माझ्याकडे वळून मराठीत म्हणायचे, “बघ, एवढ्यात घाम फुटला!”

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. आम्ही तंजावरकडची मराठी माणसं; मी कुंभकोणमहून जवळच्या तिरुभुवनमला विणकरांकडे कांड्यांवर रेशीम भरायला जात असे. तिथं कोणती जोडी कोणतं लुगडं विणणार, हे मामा ठरवायचे. रुंद काठाच्या लुगड्याला मागावर दोघं लागतात, बरं का. एकानं आडव्या धाग्याचा धोटा फेकायचा, दुसऱ्यानं पलीकडून परत पाठवायचा. मामा जमिनीवर चिंचोके मांडून जोड्या लावत. चपळ जोडीला कधी तिच्या हातचं सोडून भलतंच लुगडं मिळे, कारण त्यावर बाकीचे फारच रखडत. ती जोडी चिडे.

“खुशाल चिडा,” मामा म्हणत. “सगळी मिळून लवकर उतरायला हवीत ना?”

आणि उतरायचीच हो!

मामा स्वतः मात्र लग्न झाल्यापासून मामींबरोबरच विणत. एका वर्षी तै महिन्यातल्या, म्हणजे पोंगलनंतरच्या, लग्नांची लुगडी अतोनात आली, तेव्हा त्यांनी मामींनाच दुसऱ्या घरच्या एका नवख्या सुनेच्या जोडीला दिलं. मामींना खोकला लागला होता.

“मला तुमच्याजवळच बसू द्या हो. यंदा जीव घाबरतो.”

“इथं बसलीस तर आपलं एक लवकर होईल. तिथं बसलीस तर त्या पोरीचं रखडणार नाही, सगळ्यांचंच निभेल. पोंगल होऊ दे, मग बसू.”

“लग्न माझ्याशी लावलंत की चिंचोक्यांशी?” मामी हसल्या, आणि बसायच्या गोधडीची घडी काखेत मारून गेल्या.

लुगडी वेळेवर गेली. लोकांनी मामांना हार घातला. मामी पोंगलपर्यंत जगल्या नाहीत. शेवटचे सगळे दिवस त्या परक्या मागावर बसल्या होत्या.

पुढं मामांनी सगळ्यांना जोडीदार दिले, स्वतःला घेतला नाही. मी पाहिलंय ना! धोटा फेकायचा, उठायचं, मागाला वळसा घालून मामींच्या जागी बसायचं, तिथून परत पाठवायचा, पुन्हा उठायचं.

“मामा, अशानं वर्ष लागेल एका लुगड्याला.”

“लागू दे गं,” ते पलीकडून म्हणाले. “तेवढंच हिच्या जागी बसणं होतं.”

धोटा परत पाठवून ते गुडघ्यावर हात टेकत उठले.