न खाणारा रावस

त्रेसष्ट साली मी इस्रायलात, हैफाला, खालच्या गावातल्या एका शेडमध्ये, माशांना फसवायच्या माश्या बनवायचे. ऐकणारा हसतोच, हसू दे. करंगळीच्या पेराएवढी पितळी नळी घ्यायची, तिच्यावर रेशमाच्या दोऱ्याने खारीच्या शेपटीचे केस बांधायचे, वर वार्निशचा थेंब. पुढे नळीतून दोरी ओवली की टोकाला तीन काट्यांचा गळ. पितळ अशासाठी, की थंड, ओढीच्या पाण्यात माशी झटकन खाली जावी. माल सगळा स्कॉटलंडच्या नद्यांसाठी जायचा. मालक तिथलाच, मुंबईहून आलेल्या आमच्यासारखाच इथे येऊन पडलेला ज्यू. या देशात तो सॅमन मासा औषधालाही नव्हता, आणि आम्ही बसलोय त्याच्यासाठी केस बांधत!

सॅमन म्हणजे आपला रावस, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मुंबईत हॉटेलवाले इंग्रजीत तसंच म्हणायचे. हे दोन मासे वेगळे, हे मला पुढे कधीतरी कळलं.

त्या वर्षी आमची आई गेली. दुखवट्याचं सात दिवसांचं बसणं संपलं, लोक आपापल्या घरी गेले, आणि बाबांनी जेवण सोडलं. सोडतो असं काही बोलले नाहीत. ताट समोर आलं की ते बाजूला सरकवायचे आणि खिडकीकडे बघत बसायचे. चहात बुडवून पावाचा तुकडा, कधी लेबेनचे, म्हणजे इथल्या पातळ दह्याचे, दोन घोट, बस्स. शर्ट अंगावर लोंबायला लागला. कुपत होलीमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने तपासलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, की असंच चाललं तर इस्पितळात ठेवून नाकातून नळीने भरवावं लागेल, आणि या वयात ते झेपेलच असं नाही. दिवसभर नळ्या हाताळून मी घरी यायचे, त्यात हे. मला बाबांची कीव यायची आणि रागही यायचा. खरं सांगायचं तर रागच जास्त.

एकदा मी मालकाला विचारलं, "ही माशी तर कुठल्याच माशीसारखी दिसत नाही. मासा हिला खायला येतो तरी कसा?"

"खायला येतच नाही," तो म्हणाला. "समुद्रातून नदीत शिरला की सॅमन अन्नाला शिवत नाही."

"मग गळाला लागतो कसा?"

"चिडून. नाकासमोरून पुन्हा पुन्हा नाचवत राहायचं. शेवटी वैतागतो आणि तोंड मारतो."

घरी आल्यावर काहीतरी बोलायचं म्हणून मी हे बाबांना सांगितलं. म्हटलं, "साहेब म्हणतो, नदीत शिरला की रावस खात नाही."

बाबा ताडकन उठून बसले. "कोण म्हणतो खात नाही? तुझ्या साहेबाची अक्कल चरायला गेलीय काय गो? खाडीत शिरलेला रावस मी या हातांनी कापलाय, पोटात कोलंबी ठासून भरलेली! आलाय मोठा शहाणा!"

इतके शब्द एका दमात त्यांच्या तोंडून कित्येक दिवसांत आले नव्हते. ताट मात्र तसंच राहिलं.

मी विचार केला, चिडतात ना? मग चिडवू या. दुसऱ्या दिवशी तळ्यातला कार्प मासा आणला आणि शेजारची पोलंडची बाई करते तसा शिजवला, गाजराच्या चकत्या आणि साखर घालून. ताट समोर ठेवलं आणि म्हटलं, "बाबा, यापुढे आपल्या घरी मासा असाच होणार."

त्यांनी बोट बुडवून चाखलं. "साखर? माशात साखर?"

"मला तर आईच्या कालवणापेक्षा बरं लागतं," मी म्हटलं. म्हणताना जीभ जड झाली, पण म्हटलं.

"जीभ आवर!" ते ओरडले. कानापर्यंत लाल झाले.

आमसुलं घातलेलं कालवण मी दुसऱ्या पातेल्यात तयारच ठेवलं होतं. ते भातासकट त्यांच्यापुढे आदळलं. "मग हे खा आणि सांगा काय फरक आहे तो!"

त्यांनी खाल्लं. रागारागाने, मला शिव्या देत खाल्लं. मीठ कमी आहे, खोबरं नीट वाटलेलं नाही, तुला जन्मात जमायचं नाही. मी मान खाली घालून ऐकत होते आणि मनातून इतकी सुखावले होते की विचारू नका. मग शिव्या थांबल्या. वर पाहिलं तर कालवलेला घास हातात तसाच.

"ती गेली तेव्हा मी जेवत होतो," बाबा म्हणाले. "आतून हाक मारली तिनं. मी म्हटलं, थांब गो, दोन घास राहिलेत."

त्या वेळी मी कामावर होते. मी आले तेव्हा ते पलंगाशी बसलेले होते. याहून जास्त मला काही ठाऊक नव्हतं.

मी तो घास त्यांच्या हातातून घेतला आणि त्यांच्या तोंडापाशी धरला. "घ्या, बाबा," म्हटलं. ते माझ्याकडे बघत राहिले. माझा हात अवघडला, तरी मी तो खाली घेतला नाही. मग त्यांनी तोंड उघडलं.