सिनेमातून गाळलेला प्रसंग

एकाहत्तरच्या युद्धात माझा मोठा भाऊ गेला. आधी तार आली, मग त्याच्या अधिकाऱ्याचं पत्र. चकमकीची जागा शत्रूच्या ताब्यात राहिली, त्यामुळे देह आणता आला नाही, असं त्यात होतं. आई रडली नाही. "पाह्यल्याबिगर कसं मानू?" एवढंच म्हणाली. त्याचं दिवसकार्यही तिने करू दिलं नाही.

बाबा शाळेत इतिहास शिकवायचे. दोन वर्षांनी सीताबर्डीच्या एका टॉकीजला ग्रीकांच्या जुन्या युद्धकथेवरचा इंग्रजी सिनेमा लागला. कधी सिनेमाला न जाणारे बाबा मला म्हणाले, "येतं का वं माझ्यासंग?"

रविवारचा मॉर्निंग शो होता. गलबतं, तटबंदी, रथ, सगळं डोळे दिपवणारं. राजपुत्र मारला गेला, त्याचं प्रेत रथामागे फरपटत नेलं, तेव्हा मी मान खाली घातली. बाबा मात्र पुढे सरकून बसले. पण लगेच लाकडी घोडाच आला. नगर जळालं, सिनेमा संपला.

बाबा तडक मॅनेजरकडे गेले. "तुमचं एक रीळ राह्यलं. म्हातारा राजा पोराचं प्रेत मागायले जातो, ते."

"इतनाच आया है, मास्टरजी. बनानेवालों ने रखाच नहीं होगा."

आम्ही पायीच घरी आलो. आई तांदूळ निवडत होती. बाबा तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सिनेमात नव्हतं ते तिला सांगू लागले. म्हातारा राजा शत्रूच्या छावणीत कसा गेला, ज्या हातांनी पोराला मारलं तेच हात त्याने ओठांना कसे लावले.

आई थांबली. "मंग? देल्लं त्यानं?"

"देल्लं. त्याले सोताचा बाप आठवला. दोघंही रडले."

"अन् आपल्याले काहून नाही देल्लं?"

"मले मागायले जाताच नाही आलं वं," बाबा म्हणाले.

तेव्हा आई रडली. दोन वर्षांत पहिल्यांदा.

आठवडाभराने तीच म्हणाली, "आता करून टाका त्याचं." आम्ही रामटेकला अंबाळा तलावावर गेलो. देह नव्हता, म्हणून भटजींनी दहनासाठी दर्भाचा पुतळा बांधला. बाबांनी तो दोन्ही हातांवर घेतला, झोपलेलं लेकरू घ्यावं तसा. "ठेवा आता," भटजी दोनदा म्हणाले. शेवटी आईने त्यांच्या हाताखाली आपले हात धरले, आणि दोघांनी मिळून तो खाली ठेवला.