ज्याने सोडलं त्याच्याच हातात

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या मराठी मंडळात शाल्मली पारसनीसला आडनावाने कोणी ओळखत नाही. ‘गाडीवाली शाल्मली’ म्हटलं की काम झालं. ती ड्रायव्हिंग शिकवते. कॉव्हेंट्रीचा रिंग रोड म्हणजे भल्याभल्यांना घाम फोडणारं प्रकरण, आणि घाबरगुंडी उडालेल्या पोरांना शेजारच्या सीटवर बसून त्यावरून सुखरूप पार नेणं हा हिचा रोजचा धंदा. आवाज कधी चढत नाही. चढतो तो फक्त मंडळाचा कार्यक्रम संपल्यावर, एखादी काकू ‘मी जाते गं बसने’ म्हणाली की. ‘बस कशाला? मी सोडते ना!’ गणपती असो, दिवाळी असो, दवाखान्याची अपॉइंटमेंट असो, ही किल्ली हातात घेऊन तयार. निम्म्या मंडळाला हिने कधी ना कधी कुठेतरी सोडलेलं आहे.

तिच्या मराठीचं मात्र विचारू नका. जन्म इथलाच, शाळा इथलीच. आई वीणाताई घरात हट्टाने मराठी बोलत राहिल्या म्हणून पोरीला सगळं कळतं, बोलतेही धडाधड, पण कोण ‘तो’ आणि कोण ‘ती’ याच्या नावाने बोंब. ‘माझा गाडी बंद पडला.’ ‘हा खिडकी उघड ना.’ नवरा अपूर्व नागपूरचा, नोकरीसाठी आलेला. तिच्याकडे ड्रायव्हिंग शिकायला गेला आणि तिथेच अडकला. तो अजून सांगतो, ‘मी विचारलं तर ही म्हणाली, मला पण तू आवडते. मी मागे वळून बघितलं, कोण पोरगी उभी आहे म्हणून!’ सगळे हसतात. शाल्मलीही हसते.

हसण्यासारखं तेवढंच होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मूल नाही. सुया झाल्या, गोळ्या झाल्या, हॉस्पिटलच्या खेपा झाल्या. दोनदा आशा लागली आणि दोन्ही वेळा पाण्यात गेली. दुसऱ्या वेळी गाडीत बसल्यावर शाल्मली अपूर्वला म्हणाली, ‘बास. आता मला पोटात नको. मला घरात हवं.’

आता तुम्ही म्हणाल, मूल दत्तकच घ्यायचं तर इंग्लंडमध्ये मुलं नाहीत का? तिलाही सगळ्यांनी हेच विचारलं. तिचं उत्तर एकच. आईची भाषा आपल्यापाशी येऊन लंगडी झाली, आता आपल्यानंतर तीही राहणार नाही, हे तिला फार लागायचं. घरात एक तरी मूल असं हवं की ज्याला ‘चल, जेवायला बस’ म्हटलं तर ते ‘व्हॉट?’ म्हणणार नाही. वेडेपणा म्हणा हवं तर. पण माणसाला जे हवं असतं ते हवं असतं, त्याला कोण काय करणार?

मग ते चक्र सुरू झालं. सोशल वर्कर बाई घरी येऊ लागल्या. जिने बघितले, धूर ओळखणारे अलार्म बघितले, फ्रीज बघितला, बालपणाबद्दल खोदून खोदून विचारलं. वीणाताईंच्या कपाळावर आठ्या. ‘मूल द्यायचंय की मुलगी बघायला आली आहे ही?’ असं म्हणत पण दर वेळी त्या बाईपुढे चिवड्याची बशी ठेवत. इकडची मंजुरी आली, तर तिकडचं, भारतातलं अडलं. तिकडचं हललं, तर इकडच्या तारखा उलटून गेल्या, पुन्हा पहिल्यापासून. शाल्मलीचे केस त्या वाट बघण्यात पिकले. आणि मग एकदाचा फोटो आला. मिरजेकडच्या एका बालगृहातली सहा वर्षांची मुलगी. नाव आर्या. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला, आणि कॅमेऱ्याकडे अशी बघतेय की जणू फोटोवाल्याचंच काहीतरी चुकलंय.

दर शनिवारी व्हिडिओ कॉल. बालगृहाच्या सुप्रभाताई आर्याला खुर्चीवर बसवून द्यायच्या. पहिल्या वेळी पोरगी गप्प. शाल्मलीने घाबरत घाबरत सुरुवात केली, ‘बघ, हा माझा गाडी.’

‘गाडी माझी असतीय,’ पलीकडून ठणठणीत आवाज आला.

‘माझी गाडी.’

‘हां. आता बरोबर.’

झालं, तिथून शाळाच भरली. शाल्मलीने चुकायचं, आर्याने भुवई उडवून थांबायचं, शाल्मलीने सुधारून म्हणायचं, मग ‘हां, आता बरोबर’. हळूहळू ‘तुम्ही’ची ‘तू’ झाली. अपूर्व पडद्याबाहेर बसून पोट धरून हसायचा. वीणाताई म्हणाल्या, ‘मला चाळीस वर्षांत जमलं नाही ते ही चिमुरडी करून दाखवणार बघ.’ मागच्या खोलीला पिवळा रंग लागला. शाल्मलीने शनिवारचे सगळे लेसन बंद केले. ती इतकी आनंदात होती की तिला भीतीच वाटायची.

उन्हाळ्यात बोलावणं आलं. शाल्मली आणि अपूर्व मिरजेला पोचले. एवढ्या वयाच्या मुलीचं मत विचारतात, ते एकदा झालं की पुढचं सगळं सरळ आहे, असं सुप्रभाताई म्हणाल्या. त्याआधी दोन-चार दिवस मुलीबरोबर घालवा, म्हणजे ती मोकळी होईल. मोकळी कसली, आर्या पहिल्याच दिवशी शाल्मलीच्या मांडीवर बसली आणि तिच्या बांगड्या मोजत राहिली. शाल्मलीला श्वास घ्यायचीही चोरी, पोरगी उठून गेली तर?

विचारायच्या आदल्या दिवशी दोघी बालगृहाच्या ओट्यावर बसल्या होत्या. शाल्मली फोनवर फोटो दाखवत होती. घर, आजी, पिवळी खोली. मग रस्त्याच्या टोकाची शाळा.

‘इथे मी तुला रोज सकाळी सोडणार,’ शाल्मली म्हणाली.

आर्याने भुवई उडवली नाही. चुकलंच नव्हतं काही. तिने विचारलं, ‘आणि मग?’

‘मग शाळा सुटली की मी घ्यायला येणार.’

‘नाही आलीस तर?’

शाल्मलीला वाटलं, बिचारीला भीती वाटते, तिची भीती घालवली पाहिजे. आणि इंग्लंडच्या शाळांची जी गोष्ट तिला मनापासून आवडायची, तीच तिने सांगितली. ‘असं होतच नाही. नियम आहे. ज्याने सोडलं त्याच्याच हातात देतात. दुसरं कोणी आलं, कितीही चांगलं असलं, तरी टीचर देत नाहीत.’

‘उशीर झाला तर?’

‘तर तू तिथेच थांबायचं. कोणाबरोबर जायचं नाही. मी येणारच.’

‘सगळ्या शाळेत असतंय असं?’

‘सगळ्या शाळेत.’

आर्याने मग फोन शाल्मलीच्या हातात नीट ठेवला, ओट्यावरून उतरली आणि आत गेली. रात्री लॉजवर शाल्मली अपूर्वला म्हणाली, ‘आज तिने माझा एक पण चूक नाही काढली.’ अपूर्वने तिला जवळ घेतलं. दोघांनाही वाटलं, चला, जमलं.

दुसऱ्या दिवशी मुलीचं मत विचारायला बाहेरच्या एक बाई आल्या. त्यांच्यासमोर सुप्रभाताई, हे दोघं आणि स्टुलावर आर्या. पोरीने स्वतःहून शाळेचं दप्तर पाठीला लावलं होतं. बाईंनी लाडाने विचारलं, ‘यांच्याबरोबर जायचं ना बाळा विमानात बसून?’

‘नाही.’

‘का गं? आवडत नाहीत का या?’

‘आवडतात. पण मला आईनं इथं शाळेत सोडलंय. ज्यानं सोडलं त्याच्याच हातात द्यायचं असतंय. मी थांबायचं असतंय.’ तिने शाल्मलीकडे बोट केलं. ‘ह्यांनीच सांगितलंय.’

कालपर्यंतची ‘तू’, आज ‘ह्यांनी’. शाल्मलीला तेवढं कळलं. बाकीचं काहीच कळलं नाही. ते सुप्रभाताईंनी तिला बाहेर व्हरांड्यात नेऊन सांगितलं.

आर्याची आई तिला इथे घेऊन आली तेव्हा पोरगी चार वर्षांची. दारात रडायला लागली, तर आई म्हणाली, अगं ही शाळा आहे, तुला शाळेत सोडते. आत येऊन तिने सह्या केल्या, मूल कायमचं दिलं. पुढे तिचं दुसरं लग्न झालं, पत्ता नाही. आर्या आधी रोज फाटकापाशी बसायची. ‘आम्ही समजावलं, रागावलो, लाड केले,’ सुप्रभाताई म्हणाल्या. ‘आत्ता कुठे विसरत आली होती हो. वर्षभर तिने आईचं नाव काढलं नव्हतं. तुम्ही तरी काय करणार? मूल शाळेत सोडतात म्हणालात, त्यात काय वाईट बोललात तुम्ही?’

काहीच वाईट नाही. आयुष्यभर तिचं मराठी चुकलं आणि लोक हसून मोकळे झाले. हे एक बोलणं बिनचूक आलं आणि त्यानेच घात केला!

सुप्रभाताई म्हणाल्या, अजून वेळ आहे, तुम्हीच सांगा तिला खरं काय ते. शाल्मली आत गेली. अपूर्व बरोबर होता. आर्या स्टुलावरच होती, दप्तर तसंच पाठीला. शाल्मली तिच्यापुढे फरशीवर बसली. अपूर्वकडून शब्द नीट विचारून आली होती.

‘आर्या, तुझी आई येणार नाही.’

आर्याने भुवई उडवली. ‘चुकलं. येणार आहे, म्हणायचं.’

आणि थांबली, दर शनिवारी थांबायची तशी. शाल्मलीने अपूर्वकडे बघितलं, तर त्याने तोंड भिंतीकडे केलेलं. एवढासा जीव, पडलेल्या दाताच्या जागी नवा दात अर्धा आलेला, डोळे मोठे करून वाट बघतोय. त्या डोळ्यांत पाणी भरत होतं, आणि ते खाली पडण्याआधी काहीतरी करायला हवं होतं. दुसरी एखादी असती तर धीर धरून पुन्हा खरं तेच बोलली असती कदाचित. शाल्मलीच्याने नाही झालं.

‘येणार आहे,’ ती म्हणाली.

‘हां,’ आर्या म्हणाली. ‘आता बरोबर.’

दोघं परत आले. वीणाताईंनी पिठलं-भात करून ठेवला होता, तो तसाच राहिला. मंडळातल्या बायका येऊन गेल्या, दुसरं मूल बघा म्हणाल्या, जणू दुकानात साइज मिळाला नाही. अपूर्वही एकदा चाचरत म्हणाला. शाल्मली म्हणाली, ‘तू कर हवं तर. मला नको.’ सोशल वर्कर बाईंनी फार चांगल्या शब्दांत विचारपूस केली आणि केस बंद केली. शाल्मली पुन्हा पोरांना रिंग रोड शिकवू लागली. तिला धरून ठेवणारी एकच गोष्ट होती. आपलं नशीब फुटकं असेल, पण त्या पोरीला कोणीतरी भेटेल. जवळचं कोणी, नीट मराठी बोलणारं, जे तिच्या आईबद्दल नीट समजावून सांगेल. ती कोणाच्या तरी घरात असेल. एवढं झालं तरी पुरे.

फेब्रुवारीत तिने न राहवून सुप्रभाताईंना फोन लावला.

पुण्याचं एक जोडपं येऊन गेलं होतं. शिक्षक होते दोघं, फार समजूतदार. आर्या त्यांच्याशी छान खेळली आणि विचारल्यावर नाही म्हणाली. त्यानंतर आणखी एक कुटुंब आलं, त्यांनाही तेच. आता रोज दुपारी दप्तर लावून फाटकापाशी बसते, रडत नाही, हट्ट करत नाही, कोणी हात धरला की हळूच सोडवून घेते. वय वाढत चाललंय, आता विचारणाही कमी होणार.

‘मी येऊ का?’ शाल्मली म्हणाली. ‘मी तिला सांगते, तो नियम खोटा होता. मी खोटं बोलली.’



‘या. सांगून बघा,’ सुप्रभाताई म्हणाल्या. ‘पण शाल्मली, नियम खराच आहे ना हो?’

शाल्मली स्वयंपाकघरात उभी होती. समोरच्या फुटपाथवरून शाळा सुटलेली मुलं घरी चालली होती, एकेकाचा हात कोणाच्या ना कोणाच्या हातात.

‘खरा आहे,’ ती म्हणाली.