अक्कांचे शाकाहारी झिंगे

या जगात ज्या गोष्टीला कुणी ना कुणी ‘नको’ म्हटलेलं नाही, ती गोष्ट आमच्या आतेसासूबाईंनी आजवर हातात घेतलेली नाही. माझ्या बायकोची ही आत्या मूळची पिंपळनेरची. जळगावला पाटबंधारे खात्यात नोकरी केली, निवृत्त झाल्या आणि तिथेच एका फ्लॅटमध्ये एकट्या राहिल्या. सगळं गाव त्यांना अक्का म्हणतं. थोरल्या भावाने एकदा म्हटलं, की बाईमाणसाला स्कूटर झेपत नाही. अक्का पुढच्याच महिन्यात स्कूटर शिकल्या आणि भाऊ नशिराबादला लग्नाच्या पंगतीत बसलेला असताना मांडवाच्या दारापर्यंत ती चालवत घेऊन गेल्या. डॉक्टरांनी तिखट बंद सांगितलं, तर डॉक्टरांच्याच घरी शेवभाजीचा डबा पोचवून आल्या. “आधी तुम्ही खा, मग मला सांगा,” असा निरोपही डब्याबरोबर होता.

झिंगे घरात आले तेही असेच. कचेरीतल्या मंडळींनी निरोप समारंभात त्यांना माशांची काचपेटी दिली होती. जळगावच्या उन्हात पेटीतलं पाणी वर्षभरात हिरवंगार झालं. काचेवर शेवाळ, दगडांवर शेवाळ, आणि त्या हिरव्या अंधारात मासे कुठे आहेत ते फक्त माशांनाच ठाऊक. अक्का मासेवाल्या शकीलभाईंच्या दुकानी गेल्या. शेवाळ खाणारे गोड्या पाण्यातले झिंगे असतात, असं त्यांनी ऐकलं होतं.

“असतात ना अक्का,” शकीलभाई म्हणाले, “पण पुण्या-नाशिकला. आपल्या जळगावात नाही जगत ते. मे महिन्यात इथे माणूस उकडतो, झिंग्याचं काय घेऊन बसलात!”

झालं. आठवड्याभरात नाशिकहून पाण्याने फुगलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून झिंगे अक्कांच्या घरी आले.

काचेसारखे आरपार, करंगळीच्या पेराएवढे, पाठीवर बारीक ठिपके. दिवसभर इवल्या इवल्या हातांनी दगड, पानं, काच टिपत बसायचं, एवढाच त्यांचा उद्योग. त्यांच्यापायी घरातले कायदे बदलले. डासांचा फवारा बंद, धूप बंद, उदबत्ती फक्त गॅलरीत. एकदा मी धुळ्याहून मुक्कामाला गेलो होतो. डासांनी फोडून काढलं म्हणून मी कॉइल पेटवली. अक्का वाघिणीसारख्या आल्या आणि कॉइल मोरीत बुडवली. “जावईबापू, डास चावून तुम्ही मरणार नाही. धुराने हे मरतील.” हिशेब बिनतोड होता. मी रात्रभर अंग खाजवत पडलो. आणखी एकदा पेटीच्या तळाशी पांढरा पडलेला एक झिंगा दिसला. मी चेहरा पाडून म्हटलं, “अक्का, एक गेला वाटतं.” अक्कांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “गेला काय? कात टाकली आहे त्याने. तो बघा, पानाखाली नवा कोरा बसलाय.” टाकलेल्या कातीबद्दल सांत्वन करणारा मी एकटाच जावई असेन.

अक्का स्वतः खवय्या. सुक्या झिंग्यांची चटणी आणि बाजरीची भाकरी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पण पेटीत झिंगे आले त्या दिवसापासून चटणी बंद. कुणी विचारलंच, तर “घरच्यांना कोणी खातं का?” एवढंच उत्तर.

पण बिल्डिंगीला हे कोण सांगणार? बिल्डिंगीत निम्मी घरं मारवाडी व्यापाऱ्यांची, आणि सोसायटीचे अध्यक्ष तिसऱ्या मजल्यावरचे जैन शेठजी. कापडाचं दुकान, आवाज मऊ, नियम कडक. अक्कांकडे झिंगे आहेत ही बातमी जिन्याने वर चढता चढता ‘अक्का घरात झिंगे कापतात’ इथवर पोचली. पार्किंगमध्ये सभा भरली. योगायोगाने मी जळगावातच होतो, म्हणून अक्कांच्या बाजूने प्रेक्षक म्हणून खुर्चीवर बसलो.

“अक्का, आपल्या बिल्डिंगीत मांसाहार चालत नाही,” शेठजी म्हणाले.

“माझे झिंगे शुद्ध शाकाहारी आहेत,” अक्का म्हणाल्या. “शेवाळ खातात, उकडलेला पालक खातात. कांदा-लसूण शिवत नाहीत. तुमच्याकडे येणारे पाहुणे रात्री रेल्वे स्टेशनजवळ काय खाऊन येतात, ते मी बोलत नाही.”

मागच्या खुर्च्यांवर कुणाला तरी ठसका लागला. शेठजी जरा लाल झाले. “ते काही असो. नियम तो नियम. ते काढावे लागतील.”

आता अक्का उभ्या राहिल्या. रागावल्या की त्यांची प्रमाण मराठी पिंपळनेरच्या अहिराणीकडे परत जाते. “हाई घर मन्हं शे, पानी मन्हं शे, तुमले काय करनं शे?” मग श्वास घेऊन पुन्हा शांतपणे म्हणाल्या, “घर माझं, पाणी माझं, तरी काढते. पण बाहेर काढले की ते मरतात. तेव्हा तसा ठराव करा. बठ्ठे, म्हणजे सगळेच्या सगळे जीव मारावेत, असं स्पष्ट लिहा, आणि खाली पहिली सही शेठजींची.”

मुंगीला वळसा घालून जाणारा तो माणूस पेन हातात धरून बसून राहिला. शेवटी त्याने पेनाला टोपण लावलं. सभेत पुढे पाण्याच्या टाकीवर चर्चा झाली.

मग मे उजाडला. शकीलभाई खोटं बोलले नव्हते. अक्कांनी पेटीपुढे कूलर लावला, पाण्यावर वारा जाईल असा छोटा पंखा बसवला, आणि निम्मा महिना तसाच रेटला. एका दुपारी ट्रान्सफॉर्मर जळाला. मला धुळ्याला फोन आला. “जावईबापू, लाईट गेलीये. पाणी तापतंय.” अक्कांनी आजवर मला कधी कशासाठी बोलावलं नव्हतं. तेव्हाही ‘या’ म्हणाल्या नाहीत. मी निघालो.

पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं, लाईट अजून नव्हती. खिडक्यांना ओले पंचे लटकत होते. पेटीत बर्फाच्या बंद बाटल्या तरंगत होत्या. एका बाजूला अक्का विंझण्याने पाण्यावर वारा घालत होत्या, आणि दुसऱ्या बाजूला, बंडीवर, घामाने निथळत, शेठजी. बर्फ त्यांच्याच फ्रीजमधला होता. दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हते.

“यांना सांगा,” अक्का मला म्हणाल्या, “इतक्या जोरात नको. घाबरतात ते.”

“अक्कांना सांगा,” शेठजी म्हणाले, “त्या दुपारपासून जेवल्या नाहीत.”

दिवेलागणीला लाईट आली. मासे तगले होते, पण निम्म्याहून जास्त झिंगे तळाशी पडले होते. या वेळी ती कात नव्हती. अक्कांनी एकेक चमच्याने अलगद काढून गॅलरीतल्या तुळशीशेजारच्या कुंडीत पुरला. शेठजी हात जोडून उभे राहिले, काहीतरी पुटपुटले आणि चपला घालून वर निघून गेले. अक्कांनी त्यांना अडवलं नाही, टोमणाही मारला नाही.

मी ताट वाढून दिलं. त्या दोन घास जेवल्या आणि पेटीपुढे येऊन बसल्या.

“सकाळी उठले की आधी इकडे बघते,” त्या म्हणाल्या. “कुणीतरी कामाला लागलेलं असतं. मग वाटतं, चला, आपणही उठावं.”

कूलर पुन्हा घरघरू लागला होता, तरी त्यांच्या हातातला विंझणा हलतच होता. बऱ्याच वेळाने एक झिंगा दगडाआडून बाहेर आला, काचेला चिकटला आणि शेवाळ टिपू लागला. अक्का जरा पुढे झुकल्या.