मुळांतलं बिऱ्हाड

आमच्या आत्याला घरात सगळे 'उकळी' म्हणतात. अर्थात ती घरात नसताना, कारण तिचे कान तिच्या नाकाइतकेच तिखट आहेत. सगळी नोकरी तिने एका मोठ्या इस्पितळात काढली, ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करायच्या खोलीत. कात्र्या, चिमटे, कापडं, सगळं वाफेच्या अजस्र कुकरमध्ये घालायचं, बाहेर काढायचं, गुंडाळून ट्रेमध्ये लावायचं. "माझ्या ट्रेमधून एकही जंतू गेलेला नाही," असं ती म्हणते तेव्हा वाटतं, जंतूंनीच तसं लेखी दिलंय.

घरात कुणी आलं की बाकीचे लोक "या, बसा" म्हणतात. आत्या म्हणते, "हात." एवढंच. नवा पाहुणा बिचारा हसत हसत हात पुढे करतो. मग त्याला बेसिन दाखवलं जातं आणि कोपरापर्यंत म्हणजे कुठपर्यंत हेही.

निवृत्त झाल्यावर ती घराकडे वळली. चमचे उकळून झाले, कंगवे झाले, पडद्यांच्या कड्या झाल्या. एक दिवस बाबांचा दाढीचा ब्रश उकळला आणि त्याचे केस पातेल्यात शेवाळासारखे तरंगायला लागले. बाबा तिचे धाकटे भाऊ, तिच्यापुढे आवाज चढवायची त्यांची टाप नाही. त्यांनी ब्रशचा दांडा निमूटपणे खिशात घातला आणि त्याच आठवड्यात तिच्यासाठी काम शोधून आणलं.

काम होतं शहराच्या टोकाला, टायरच्या दुकानांमागच्या नर्सरीत. पुढे कुंड्यांच्या रांगा, मागे दोन खोल्यांची प्रयोगशाळा. तिथे केळीची रोपं बाटल्यांत वाढवतात. बाटलीच्या तळाशी साखर घातलेली जेली असते, तिच्यावर केळीच्या कोंबाचा इवलासा तुकडा. साखर म्हटली की बुरशी न बोलावता येते. आत्या यायच्या आधी निम्म्या बाटल्यांवर हिरवीकाळी लोकर उगवायची. आत्याने आठवडाभर सगळ्यांना बाहेर ठेवलं, भिंतींपासून दिव्याच्या बटणापर्यंत सगळं पुसून काढलं, माळीकाकांना त्यांच्या तंबाखूच्या पुडीसकट उंबऱ्याबाहेर उभं केलं आणि लोकर बंद झाली. माळीकाका म्हणाले, या बाई माशीलासुद्धा पाय धुवायला लावतील.

नर्सरीचे मालक वयस्कर. त्यांना प्रत्येक वाक्याला "कळलं का" लावायची सवय आहे. "मी आता चहा पितो, कळलं का." समोरचा मान डोलावतो आणि ते चहा पितात. आत्यावर ते इतके खूश झाले की त्यांनी तिच्या हवाली आपली सगळ्यांत लाडकी कुंडी केली.

कुंडीत एक ऑर्किड होतं. झाडावर वाढणारं नव्हे, मातीत कंद असलेलं. वर्षातून एकदा वितभर दांड्यावर पांढरी फुलं, पाय पसरून उडी मारणाऱ्या कोळ्यांसारखी. मालकांनी ते तरुणपणी एका टेकडीवरून आणलं होतं. ती टेकडी पुढे खडी होऊन कुठल्यातरी रस्त्यात गेली. तसलं झाड त्यांना पुन्हा कुठे दिसलं नाही, शोधूनही नाही. दर वर्षी शेंगा धरायच्या, त्यांतून धुळीसारखं बी निघायचं, आणि नव्या कुंड्यांत पेरलं तरी ते कधीच रुजायचं नाही. मालकांचं म्हणणं एवढंच होतं, की मी जायच्या आत याचं एक तरी पोर उभं राहिलेलं बघायचंय, कळलं का.

आत्याला कळलं. तिने कुंडीकडे पाहिलं. कुंडीला शेवाळ, माती काळी, तिला पावसाळी गोणपाटाचा वास. तिने कंद हळुवार बाहेर काढला, धुतला, जुनी माती फेकून दिली, नवी माती वाफेच्या कुकरमधून काढली, कुंडी नवी आणली. वर दर आठवड्याला बुरशीनाशक औषधाचा डोस. इतकं स्वच्छ झाड कुणी पाहिलं नसेल. पुढच्या वर्षी त्याला फूल आलं नाही. आत्याने डोस वाढवला. त्याच्या पुढच्या वर्षी नखाएवढं एकच पान आलं, तेही पिवळट. मालकांनी फ्रीजमध्ये जपून ठेवलेलं जुनं बी तिने जेलीवर पेरलं. बाटल्या आरशासारख्या लख्ख राहिल्या. बुरशी नाही आणि रोपही नाही.

तेवढ्यात नर्सरीत नव्या मॅडम आल्या. वनस्पतीशास्त्र शिकलेल्या, वयाने माझ्या ताईएवढ्या. त्यांना काहीही विचारा, आधी "तसं नाही म्हणता येणार" असं उत्तर येतं. पाऊस येईल का? तसं नाही म्हणता येणार. जेवलात का? तसं नाही म्हणता येणार, डबा अर्धाच खाल्ला. त्यांनी ती कुंडी उचलली, नाकाजवळ नेली आणि मातीला काहीच वास कसा नाही, असं विचारलं. आत्याने अभिमानाने सगळं सांगितलं, वाफेचं, औषधाचं, डोस वाढवल्याचं. मॅडम ऐकता ऐकता स्टुलावर बसल्या.

मग त्यांनी सांगितलं ते असं. या झाडाच्या मुळांत एक बुरशी राहते. रोग म्हणून नव्हे, बिऱ्हाड करून. झाड दर वर्षी नवी मुळं काढतं आणि दर वर्षी ती बुरशी मातीतून नव्याने आत यावी लागते. शिवाय याचं बी इतकं बारीक असतं की त्याच्याजवळ स्वतःचं अन्नच नसतं. डबा न देता घराबाहेर पाठवलेलं पोर जसं. ते मातीत पडून वाट बघतं. त्या बुरशीचा धागा त्याला शोधत आला, आत शिरला, तर त्यातून ते जेवतं आणि वाढतं. नाही आला तर मरतं.

औषधाने काय केलं ते आत्याला न सांगताच उमगलं. आत्याने पिशवी उचलली आणि भर दुपारी घरी आली. संध्याकाळी बाबा कामावरून आले, बूट काढले, सवयीने बेसिनकडे निघाले आणि मध्येच थांबले. कुणी "हात" म्हणालंच नव्हतं. आत्या खिडकीशी बसली होती. बाबा घाबरले. आई घाबरली. आईने तर मुद्दाम न धुतलेल्या हाताने तिच्यापुढे चहाचा कप ठेवला, तरी तिने तो तसाच तोंडाला लावला. मग बाबांना म्हणाली, "मी दर आठवड्याला त्याला औषध घालत होते रे."

ती कामावर जाईना. चौथ्या-पाचव्या दिवशी मॅडमच घरी आल्या. दारात त्यांना सवयीचं "हात" मिळालं नाही, पण नर्सरीत ऐकून माहीत असल्यामुळे त्या आपणहून कोपरापर्यंत धुऊन आल्या. आईने तेवढ्यावरच त्यांना पास केलं. मॅडमचं म्हणणं होतं की कंदाला एक जुनं मूळ अजून चिकटलंय, तपकिरी, आत्याने माती बदलली त्याच्याही आधीचं. त्याच्या आतपर्यंत औषध पोचलं नसेल, तर त्यात ती बुरशी जिवंत असू शकेल. ती काढून वेगळी वाढवायची आणि बियांजवळ सोडायची. पण ते काम करायला आत्या हवी.

"मीच तर मारलं ते," आत्या म्हणाली. "पुन्हा माझ्याच हातात कशाला देता?"

"बुरशी कुणीही वाढवेल, मावशी. पावावरसुद्धा वाढते. हजार बुरश्यांतून तीच एक वाढवायची आहे, बाकी एकही येऊ न देता. ते माझ्याच्याने नाही होणार. माझा हात थरथरतो."

आत्याने त्यांच्या हाताकडे पाहिलं. खरंच थरथरत होता. मग ती उठली आणि पिशवी शोधायला लागली. मला शाळेला सुट्टी होती, त्यामुळे पिशवी धरायला मी.

प्रयोगशाळेत मालक आधीच येऊन उलट्या बादलीवर बसले होते. मॅडमनी कोपरं टेबलावर रोवून, हात कसाबसा स्थिर ठेवत त्या जुन्या मुळाच्या टोकाचा पापुद्र्यासारखा एक काप काढला, काचेवर ठेवला, निळ्या रंगाचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. आत्याला बघायला सांगितलं. आत्याने डोळा लावला आणि ती तशीच वाकून राहिली. इतका वेळ, की माळीकाकांनी बाहेरून डोकावून विचारलं, बाई बऱ्या आहेत ना.

मग तिने मला जागा दिली. आधी नुसत्या पेशी दिसल्या, न्हाणीघरातल्या फरशांसारख्या एकीला एक लागून, रिकाम्या. मग काच जरा सरकवली तर काही पेशींच्या आत गुंडाळी दिसली. निळ्या, केसाहून कितीतरी बारीक धाग्याची, गोल गोल फिरवून ठेवलेली. कुणीतरी लोकरीचा गुंडा करून प्रत्येकीच्या घरात एकेक ठेवून गेलं होतं. पेशीची भिंत फाटलेली नाही, आरडाओरडा नाही. धागा एका घरातून निघून शेजारच्या घरात गेलेला, तिथे पुन्हा गुंडाळी.

आत्याने विचारलं, "हे मेल्यावर शिरतं ना आत?"

"नाही. झाड जिवंत आहे आणि तीही जिवंत आहे."

"मग खातं कोण कोणाला?"

मॅडम म्हणाल्या की तसं नाही म्हणता येणार. झाड हे गुंडे पचवतं एवढं नक्की. झाड मोठं झालं, पानं आली, की ते स्वतःची साखर खाली धाग्याला देत असावं असंही दिसतं. पण हिशेब बरोबर सुटतो का, कोण कोणाचा भाडेकरू, हे अजून कुणालाच पुरतं कळलेलं नाही. इतर झाडांच्या मुळांपाशीही अशा वेगवेगळ्या बुरश्या असतात, या नर्सरीतल्या जवळजवळ प्रत्येक कुंडीत. आणि आपल्याही पोटात जंतू आहेतच की, त्यांच्यावाचून आपलंही नीट चालत नाही. हे ऐकून आत्याने स्वतःच्या पोटाकडे असं पाहिलं, जणू इतकी वर्षं कुणीतरी न विचारता राहतंय आणि तिला आत्ता समजतंय. पण रागावून नाही. पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ती मोठा श्वास घेत म्हणाली, आयुष्यभर मी यांना बाहेर काढत आले, आणि इथे बघा, दार उघडून आत घेतलंय.

खरा प्रश्न पुढेच होता. बुरशी वेगळी करायला ते मूळ सबंध कापावं लागणार होतं, आणि कंद त्याच्यावरच तग धरून होता. मूळ गेलं तर झाडही जाईल बहुतेक. दुसरं झाड नाही, आणि बुरशी मिळेलच असंही नाही. मॅडमनी हे मालकांना नीट समजावलं. मालकांनी कुंडी जवळ ओढली. मग म्हणाले, आहे ते तरी राहू दे.

आत्या त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. "साहेब, हे असं एकटं फार तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत राहील. त्याला त्याचं माणूस पाहिजे."

मालकांनी बराच वेळ कुंडीचा काठ चाचपला. मग कुंडी स्वतः उचलून तिच्या हातात दिली.

पुढचं काम मी दाराच्या काचेतून पाहिलं, कारण आत यायची परवानगी नव्हती. आत्याने स्पिरिटच्या दिव्यात पातं तापवलं, गार होऊ दिलं, मूळ कापलं, वरचा पापुद्रा सोलला, आतले गुंडे सुईच्या टोकाने एकेक उचलून जेलीच्या थाळ्यांवर ठेवले. इस्पितळातल्या त्या सगळ्या वर्षांत ती कधी ऑपरेशनच्या टेबलापाशी उभी राहिली नव्हती, नेहमी भिंतीपलीकडे ट्रे लावत होती. आज टेबल तिचं होतं.

पहिल्या थाळ्या फुकट गेल्या. हिरवी आली, काळी आली. आत्या दुरूनच ओळखून "पावावरची", "भिंतीवरची" म्हणून बाजूला काढायची, गल्लीतली उनाड पोरं ओळखावीत तशी. एका थाळीत मात्र गुंड्यातून एक पांढरा धागा निघाला, मग दोन, मग कोळ्याच्या जाळ्यावर दव पडावं तसं सगळ्या थाळीभर पसरलं. मॅडमनी तपासून हीच असावी म्हटलं. 'असावी' म्हणजे त्यांच्या तोंडी खात्रीच. आत्याने त्या जाळ्यावर चिमटीभर बी शिंपडलं. थाळी काळ्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवली, कारण या बीला मातीखालच्यासारखा अंधार लागतो.

इकडे कुंडीतलं पान वाळलं. मग कंदही मऊ पडला. मालकांनी तो स्वतः आवळीच्या झाडाखाली पुरला आणि त्यानंतर प्रयोगशाळेकडे यायचं बंद केलं. माळीकाका सांगायचे, साहेब लांबून वळसा घालून ऑफिसात जातात.

मग एका सकाळी आत्याने माळीकाकांना त्यांना बोलवायला पाठवलं. मालक आले तेव्हा ती सूक्ष्मदर्शकाला चिकटलेली होती आणि मॅडमनाही जागा देत नव्हती. बरंच थांबल्यावर ती बाजूला झाली. मालक वाकले. मीही नंतर पाहिलं. बीचं कवच फाटलं होतं. आत पांढरा, खसखशीच्या दाण्याहूनही लहान गोळा, अंगावर केस आलेला. आणि एका कडेने तो बुरशीचा धागा सरळ त्याच्या आत गेलेला, कुठेही न अडता. शेजारी दुसरा गोळा, पलीकडे आणखी तीन-चार. ज्या बियांपर्यंत धागा पोचला नव्हता, त्या तशाच निपचित धूळ होऊन पडलेल्या.

मालकांचा डोळा काचेवरून उठेना. फुलं यायला किती वर्षं लागतील, असं त्यांनी वाकूनच विचारलं. मॅडम म्हणाल्या, पाच, सहा, नक्की नाही सांगता येणार. मालक नुसते बघत होते आणि त्यांचा हात टेबलाच्या कडेवर ताल धरल्यासारखा हलत होता.

आत्याने थोडा वेळ जाऊ दिला. मग थाळी हळूच काढून घेतली, झाकण लावलं आणि वरून काळं कापड घातलं.

"पुरे आता," ती हलक्या आवाजात म्हणाली. "उजेड लागतोय. त्यांचं काम चाललंय."