पायाखालचं गवत

यवतमाळात उन्हाळ्यात आमचा नळ आठ दिवसांनी येतो. तरी शेजारच्या काकांचं लॉन मे महिन्यातही हिरवं असतं. रोज सकाळी ते चप्पल काढून गवतावर एक पाय दाबतात आणि थांबतात. दबलेलं गवत उठलं, तर त्याला पाणी पुरलं.

परवा दिवसभर त्यांचा कूलर बंद होता. संध्याकाळी त्यातलंच पाणी ते मगानं गवताला घालत होते.

"काका, एवढ्या उन्हात कूलर काहून बंद ठेवला?"

"मले तहान लागली तं मी मांगतो. हे कोणाले मांगन?"

आज सकाळी गवत लगेच उठलं. ते समाधानानं माझ्याकडे वळले. त्यांच्या सुजलेल्या पायावर चपलेच्या पट्ट्याची खोल खाच पडली होती. मी बराच वेळ पाहत राहिलो. ती काही भरली नाही.